तीन शब्दांचं खोटं : एका किशोरवयीन कादंबरीच्या संपादनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हस्तलिखित आलं तेव्हा ३२० पानांचं होतं. सुमारे ७८ हजार शब्द, २६ प्रकरणं. लेखकाची ही पहिलीच कादंबरी, आणि निवेदक नववीतला मुलगा. लेखक कोण, प्रकाशक कोण हे इथे सांगितलेलं नाही. कादंबरीतलं गाव मात्र इचलकरंजीच, कोल्हापूरकडचं यंत्रमागांचं गाव, ठेवलं आहे, कारण ते बदललं तर या प्रकरणातलं निम्मं कळणार नाही.

मुलाचं घर वर आणि खाली शेड. शेडमध्ये आठ यंत्रमाग. वडील खर्चीवाले, म्हणजे माग त्यांचे, पण सूत व्यापाऱ्याचं. व्यापारी सूत मोजून देतो, कापड मोजून नेतो, वाया जाणाऱ्या सुताची थोडी घट धरतो आणि विणण्याची मजुरी देतो. मजुरी कापडातल्या पिकांवर ठरते, म्हणजे आडवे धागे किती घट्ट बसलेत त्यावर. नफ्याचा पैसा बारीक आणि विजेचं बिल मोठं. या व्यवहारात माणसाला मोहात पाडणारी जागा एकच, ती म्हणजे घट. लेखकाला हे सगळं आतून माहीत होतं. ते पानापानांवर दिसत होतं, आणि म्हणूनच हस्तलिखित परत पाठवलं गेलं नाही.

अडचण

कथानक असं होतं. तिसऱ्या प्रकरणात मागावरून धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, उडतो आणि एका कामगाराचा डोळा जातो. ते पाहून मुलगा हादरतो. जग क्रूर आहे, मोठी माणसं ढोंगी आहेत असं त्याला वाटू लागतं, आणि पुढची २३ प्रकरणं तो हेच वाटून घेत राहतो. मधे एक मुलगी येते, शाळेची सहल येते, वडिलांशी भांडणं होतात. शेवटी तो अठरा वर्षांचा होऊन गाव सोडतो.

पहिल्या वाचनात तीन गोष्टी टोचल्या.

पहिली भाषेची. 'वगैरे' हा शब्द २१२ वेळा आला होता, 'उदाहरणार्थ' ३८ वेळा. १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'ची सावली मराठीत तरुण निवेदक लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकावर पडते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण 'कोसला'चा निवेदक पांडुरंग सांगवीकर याचं 'उदाहरणार्थ' ही त्याची स्वतःची सवय आहे, सगळं उडवून लावण्याची. इचलकरंजीच्या मुलाच्या तोंडी ते उसनं वाटत होतं. शिवाय हा मुलगा 'परात्मता', 'अस्तित्व', 'निरर्थकता' असे शब्द सहज वापरत होता. असे ४६ शब्द सापडले.

दुसरी गोष्ट रागाची. मुलगा पहिल्या पानापासून चिडलेला. तुटलेपणावरच्या गाजलेल्या कादंबऱ्यांची नक्कल करताना ही चूक हमखास होते. नक्कल करणारा राग उचलतो आणि रागाखालची जखम तिथेच सोडतो. अमेरिकन लेखक सॅलिंजरच्या १९५१ सालच्या 'द कॅचर इन द राय'मधला हॉल्डन जगाला खोटं म्हणत फिरतो, पण त्याचा धाकटा भाऊ अ‍ॅली रक्ताच्या कर्करोगाने गेलेला असतो आणि ते दुःख प्रत्येक टवाळीच्या खाली आहे. सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते. या मुलाचं मात्र काहीच गेलेलं नव्हतं. धोटा लागलेल्या कामगाराशी तो अपघाताआधी एकदाही बोललेला नव्हता.

तिसरी गोष्ट यातूनच निघते. पहिल्या पानावर निरागसपणा नसेल तर तो हरवायचा कुठून?

मुलांकडून घेतलेली तपासणी

संपादकाला जे वाटतं ते त्या वयाच्या वाचकालाही वाटतं का, हे पाहायचं ठरलं. नववीतली तीन आणि दहावीतली दोन मुलं निवडली, पालकांना विचारून. प्रत्येकाला पहिली ६० पानं लेखकाचं नाव न घालता दिली आणि दहा दिवस दिले. सूचना दोनच होत्या. कंटाळा येईल तिथे समासात ठिपका, विश्वास बसणार नाही तिथे काट. मत लिहून मागितलं नाही, कारण मत मागितलं की मुलं निबंध लिहितात.

३४ ते ५१ ही पानं, म्हणजे मुलाचं लांबलचक स्वगत, पाचांपैकी एकानेही पूर्ण वाचली नाहीत. अपघातानंतर मुलगा रात्रभर रडतो तिथे तिघांनी काट मारली. दहावीतल्या एका मुलीने न सांगता कोपऱ्यात लिहिलं होतं : "याला सगळे वाईट दिसतात. पण हा स्वतः काय करतो?"

त्या ओळीवरून एक साधा तक्ता केला. डावीकडे प्रकरणाचा आकडा, उजवीकडे एकच उत्तर : या प्रकरणात मुलाने काय केलं? 'पाहिलं', 'वाटलं', 'आठवलं' हे करण्यात धरायचं नाही. २६ पैकी १७ प्रकरणांसमोर रेघ आली. आठ प्रकरणांत त्याने काहीतरी केलं होतं, पण त्याने कुणाचंच काही बदललं नाही. ज्याच्यामुळे दुसऱ्याचं आयुष्य फिरलं अशी कृती एकच होती, चौदाव्या प्रकरणात, नव्वद शब्दांच्या एका परिच्छेदात. सूत कमी भरतं. व्यापारी चौकशीला येतो. मुलाने रात्री वडिलांना सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, पोत्यात भरताना पाहिलेलं असतं. व्यापारी विचारतो आणि मुलगा म्हणतो, "मी झोपलो होतो." आळ शेडमध्येच झोपणाऱ्या कामगारावर जातो आणि तो काम सोडून जातो. पुढच्याच ओळीत सहलीची तयारी सुरू.

लेखकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला की हा परिच्छेद सहलीच्या पैशांचं कारण द्यायला घातला होता. खरी कादंबरी बहुधा अशाच जागी दडून बसते. जिथे लेखकाचं लक्ष नसतं तिथे त्याचा हात खरं लिहितो.

पर्याय

चार पर्याय मांडले गेले.

नुसती छाटणी. स्वगतं कापायची, 'वगैरे' काढायचे आणि २५० पानांवर आणायचं. दोन महिन्यांचं काम. पुस्तक वाचण्याजोगं झालं असतं, पण दहावीतल्या मुलीचा प्रश्न तसाच राहिला असता.

मोठा निवेदक. पस्तिशीचा माणूस गावी परततो आणि आठवतो. लेखकाचा ओढा इकडे होता, कारण ४६ जड शब्द मोठ्या माणसाच्या तोंडी शोभले असते. अडचण अशी की पस्तिशीच्या माणसाला सगळं कळलेलं असतं, आणि कळलेलं सांगण्याचा मोह त्याला आवरत नाही. सांगवीकर बोलतो तो पंचविसाव्या वर्षी, पण तो शहाणा होऊन बोलत नाही. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'त (२००४) नववीतला मुकुंद जोशीच बोलतो, थोर झालेला मुकुंद मधे येऊन अर्थ लावत नाही. पर्याय बाद झाला.

तृतीयपुरुषी निवेदन. हे करून पाहिलं, फक्त चौदाव्या प्रकरणापुरतं. 'तो खोटं बोलला' अशी बातमी झाली. 'मी' बोलत असला की मुलगा वाचकालाही थोडं फसवू शकतो, स्वतःची बाजू सावरू शकतो. तेच तर हवं होतं.

खोटं केंद्रात आणणं. त्या तीन शब्दांभोवती सगळी रचना नव्याने उभी करायची. वेळ लागणार होता आणि लेखकाला आवडलेली बरीच पानं जाणार होती. लेखकाने तीन आठवडे उत्तर दिलं नाही. मग एका अटीवर होकार आला : गेलेला डोळा राहिला पाहिजे. तो राहिला, पण अपघात म्हणून नाही. कादंबरी सुरू होण्याच्या कितीतरी आधी धोटा लागलेला कामगार म्हणून. आळ येतो तोही याच्यावरच. मुलाचा मामा. रक्ताचा नव्हे, शेडमधल्या वयस्क माणसाला म्हणतात तसा.

काय केलं

आधी पाया. नव्या रचनेत खोटं २०८ पैकी ११८ व्या पानावर ठेवलं. त्याआधीच्या पानांत मुलाकडे गमावण्यासारखं काय आहे ते दाखवायचं होतं. वडील त्याला तुटलेल्या धाग्याची विणकऱ्याची गाठ शिकवतात, जी इतकी बारीक बसते की कापडात बोटाला लागत नाही. मामा त्याला ऐकायला शिकवतो. आठ माग एकदम चालू असताना कुठला बिघडलाय हे आवाजावरून कसं ओळखायचं ते. आणि दुसऱ्याच प्रकरणात वडील व्यापाऱ्याकडून चुकून जास्त आलेलं दोन किलो सूत मुलाला सोबत घेऊन सायकलवरून परत देऊन येतात. हा प्रसंग मूळ हस्तलिखितात नव्हता. तो नसता तर पुढची चोरी नुसती चोरी राहिली असती.

इथे एक गैरसमज दूर करावा लागला. निरागस म्हणजे अजाण नव्हे. हा मुलगा शिव्या देतो, पानपट्टीवर उभा राहतो, कोण कुणाच्या मागे लागलंय हे त्याला ठाऊक आहे. लेखकाने निरागसपणा हरवण्याची जागा मुलीच्या प्रकरणात शोधली होती आणि त्यावर ३१ पानं घातली होती. ती ९ वर आली. वयात येणं आणि निरागसपणा जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. एकाच मुलाच्या आयुष्यात त्या वर्षभराच्या अंतरानेही घडू शकतात.

मग तो प्रसंग. नव्वद शब्दांचा परिच्छेद सहा पानांचा झाला, आणि वाढला तो भावनांनी नाही तर तपशिलांनी. वीज गेलेली आहे, त्यामुळे शेडमध्ये शांतता आहे. शेडमधली शांतता या मुलाला तशीही सहन होत नाही. व्यापारी चांगला माणूस आहे. आरडाओरडा करत नाही, वही गुडघ्यावर ठेवून स्टुलावर बसतो. वडील बंद मागाच्या बीमवर हात ठेवून उभे आहेत, बीमकडेच बघत. मामा दारात.

"बाळ, परवा रात्री लाईट गेल्ती तवा तू खाली होतास काय रे?"

"मी झोपलो होतो."

तिसऱ्या खर्ड्यात लेखकाने इथे व्यापाऱ्याच्या तोंडी एक वाक्य घातलं : "शाळंतलं पोरगं हाय, ते कशाला खोटं बोलंल?" हे वाक्य सापडलं आणि कादंबरी उभी राहिली. मुलाचा निरागसपणा तिथे पुरावा म्हणून वापरला गेला. ज्या क्षणी तो गेला त्याच क्षणी सगळ्यांनी तो मान्य केला. मुलाचं तुटलेपण इथून सुरू होतं. जग खोटं आहे म्हणून तो तुटत नाही. तो खोटा आहे हे कुणालाच दिसत नाही, आणि ज्या एकाला माहीत आहे तो बाप, म्हणून तो तुटतो.

त्यानंतरच्या ९० पानांसाठी नियम केला की 'एकटा', 'परका', 'पोकळी' हे शब्द वापरायचे नाहीत. मुलगा काय करायचं थांबवतो तेवढंच लिहायचं. तो खाली चहा न्यायचं थांबवतो. गाठ मारायला बसवलं तर त्याची गाठ जाड बसते. जेवताना वडिलांच्या समोरची जागा सोडून दाराशी बसतो. एका मागाचा आवाज बिघडलेला त्याला ऐकू येत नाही आणि चार मीटर कापड फुकट जातं. ४६ जड शब्दांपैकी पाच उरले, तेही शाळेच्या धड्यातले म्हणून.

वडिलांना खलनायक होऊ दिलं नाही. थकलेलं वीजबिल आणि तोडणीची नोटीस ११८ व्या पानाआधीच येते. वाचकाला चोरीचं कारण मुलाआधी कळतं.

भाषेसाठी निवेदन साधं ठेवलं आणि संवाद तिथल्या बोलीत. 'काय करतोयस'च्या जागी 'काय करालायस'. मात्र 'नाद खुळा'सारखे शब्द, जे गावाबाहेरच्यांनाच गावाचे वाटतात, ते काढले.

काय बिघडलं

दुसरा खर्डा वाईट झाला. विचार कापा असं सांगितल्यावर लेखकाने सगळेच कापले, आणि मुलगा नुसता कॅमेरा झाला. वाचताना तो काही लपवतोय असं न वाटता त्याला काही वाटतच नाही असं वाटायचं. तिसऱ्या खर्ड्यात ११ जागी विचार परत आणले, सगळे चुकीचे किंवा अर्धवट. उदाहरणार्थ (हा शब्द आता आपलाच), मामा निघून गेल्यावर मुलगा मनात हिशेब करतो की मामाला एका डोळ्यामुळे तसंही फार दिवस काम जमलं नसतं. स्वतःला पटवणारा असा विचार रडण्यापेक्षा जास्त सांगतो.

दुसरी चूक संपादकाची. किती शब्द कमी करायचे हे त्याने आधीच ठरवून टाकलं, आणि त्या नादात नववं प्रकरण काढलं. त्यात आई रात्री धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरत बसते. संथ होतं, काही घडत नव्हतं. पण किती कोन आले आणि किती शिल्लक आहेत हे वाचकाला तिथेच कळत होतं. ते गेल्यावर चोरी कशी उघडकीला आली याचा मेळ बसेना, आणि छपाईला जायच्या सहा आठवडे आधी प्रकरण परत घालावं लागलं.

तिसरी चूक मुद्रितशोधनात झाली. आई सगळीकडे 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणते. कोल्हापूरकडच्या बायका तसंच बोलतात. शोधकाने ती व्याकरणाची चूक समजून २७ जागी 'आले', 'जेवले' केलं. शेवटच्या प्रुफात लेखकाच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. बोलीची यादी मजकुरासोबतच द्यायला हवी होती, एका पानाची, 'या रूपांना हात लावू नये' असं वर लिहून.

निष्पत्ती

हस्तलिखित आल्यापासून पुस्तक हाती यायला १४ महिने लागले. चार खर्डे झाले. ७८ हजारांचे ५१ हजार शब्द झाले, २६ प्रकरणांची १९, आणि २० फॉर्मचं पुस्तक १३ फॉर्ममध्ये बसलं (एक फॉर्म म्हणजे छपाईची सोळा पानं). छपाईचा खर्च कमी झाल्याने किंमतही उतरली, आणि किशोरवयीन वाचक स्वतःच्या पैशाने पुस्तक घेतो तेव्हा याला महत्त्व असतं.

पहिल्या पाच मुलांपैकी चौघांनी छापील पुस्तक वाचलं. समासातल्या खुणा पुन्हा मागितल्या होत्या. ठिपके विरळ आले. काट एकीची, व्यापारी इतका सौम्य कसा म्हणून. ११८ व्या पानाच्या पुढे-मागे कुणीच काही खूण केली नव्हती. ही खूण नसणं चांगलं की वाईट यावर संपादक आणि लेखकात अजून मतभेद आहे.

दोन शाळांनी ग्रंथालयासाठी पुस्तक घेतलं नाही. चोरी करणाऱ्या बापाला शिक्षा होत नाही, हे कारण दोन्हीकडे सारखं.

वेगळं काय करता आलं असतं

'मुलाने काय केलं' हा तक्ता पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता. त्याआधी दोन महिने 'वगैरे' मोजण्यात आणि वाक्यं घासण्यात गेले, आणि घासलेली निम्मी वाक्यं पुढे पानांसकट गेली. आधी रचना, मग भाषा हे माहीत असूनही असं होतं, कारण वाक्य दुरुस्त करताना काम होतंय असं वाटतं.

मुलांना फक्त सुरुवात दाखवली, शेवट नाही. आणि खरा वाद शेवटावरच होता. लेखकाला हवं होतं की अठराव्या वर्षी मुलाने मामाला शोधून माफी मागावी. संपादकाचं म्हणणं, माफी मिळाली की वाचक सुटतो, आणि मुलगाही. बरीच ओढाताण होऊन छापला गेला तो शेवट असा : शेडमध्ये नवा कामगार येतो. पहिल्या दिवशी मागाला तेल घालता घालता तो मुलाला सहज विचारतो, आधीचा का गेला. वडील बाहेर गेलेले. कुणी ऐकत नाही. खरं सांगितलं तरी चालण्यासारखं. मुलगा म्हणतो, "हात चांगला नव्हता त्याचा," आणि धागा तुटल्याचा आवाज आला म्हणून पाचव्या मागाकडे जातो. या वेळी आवाज त्याला बरोबर ऐकू आलेला असतो.

लेखकाला हा शेवट आजही निर्दय वाटतो. दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली तर दोन्ही शेवट पाच नव्या मुलांना द्यायचे आणि समास मोकळा सोडायचा, एवढं ठरलेलं आहे.